उंदरांची लिव्हर उणे 20 अंशांवर ठेवून महिन्याने मेटाबोलाइट तपासणीला पाठवली तर चालेल का?

तुमच्या कॉलेजात उणे 80 चा फ्रीझर नाही, म्हणून 24 उंदरांची लिव्हर साध्या फ्रीझरमध्ये ठेवून एलसी-एमएससाठी (मेटाबोलाइट, म्हणजे पेशींतल्या रासायनिक क्रियांत तयार होणारे छोटे रेणू, ओळखून मोजायची पद्धत) पाठवायचा विचार आहे. कृपया तसं करू नका. उणे 20 ला एन्झाइमं मंदावतात, थांबत नाहीत. त्यात फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर असेल तर बर्फ साचू नये म्हणून तो मधूनमधून गरमही होतो.

पण मला जास्त काळजी वाटते ती पहिल्या मिनिटाची. रक्तपुरवठा तुटला तरी पेशींचं काम चालूच राहतं. ऑक्सिजन संपला की लॅक्टेट साठू लागतं, एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) तुटत तुटत आयनोसिन आणि हायपोझँथिनपर्यंत जातं. मासळी किती ताजी आहे हे प्रयोगशाळेत ह्याच पदार्थांवरून मोजतात. मासळीत ते तासांच्या, दिवसांच्या हिशेबाने बदलतं, उंदराच्या गरम लिव्हरमध्ये मात्र सेकंदांत सुरू होतं. म्हणून तर 1960 मध्ये वोलेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी द्रव नायट्रोजनमध्ये थंड केलेल्या अॅल्युमिनियमच्या चिमट्याने ऊती दाबून गोठवायची पद्धत मांडली.

लिव्हरचा अख्खा खंड द्रव नायट्रोजनमध्ये टाकला की झालं, असं वाटतं. तसं होत नाही. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब वाफेवर तरंगत नाचतो ना, तसंच इथे तुकड्याभोवती वायूचा थर बसतो आणि आतला भाग सावकाश गोठतो. तुकडा त्या थंड चिमट्यात दाबून चपटा करा. नंतर नायट्रोजन ओतत खलबत्त्यात पूड करा, 50 मिलिग्रॅमच्या आसपास वाटण्या करून वेगवेगळ्या नळ्यांत भरा. म्हणजे एकच नमुना पुन्हा पुन्हा वितळवावा लागत नाही.

माझ्या पहिल्या प्रयोगात मी कंट्रोल गटाचे (औषध न दिलेले) उंदीर सकाळी घेतले आणि औषधाचे दुपारी. दोन गटांत ग्लायकोजेन (लिव्हरमधला साखरेचा साठा) आणि ग्लुकोजमध्ये मोठा फरक दिसला, मी आठवडाभर आनंदात होतो. उंदीर रात्री खातात, लिव्हरमधलं ग्लायकोजेन दिवसभर उतरत जातं. तो फरक औषधाचा की घड्याळाचा, हे आता सांगताच येत नव्हतं. सगळे प्राणी पुन्हा घ्यावे लागले, आणि ते जीव वाया गेले याचं आजही वाईट वाटतं. तुम्ही दोन्ही गटांचे उंदीर आलटून पालटून घ्या. भूल एकच ठेवा (झायलाझिनने रक्तातली साखर चढते), आणि पोट उघडल्यापासून गोठेपर्यंतचे सेकंद प्रत्येक उंदरापुढे वहीत लिहा.

साठवणीसाठी जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा कृत्रिम रेतन केंद्रात विचारा. वळूचं वीर्य ठेवायला त्यांच्याकडे द्रव नायट्रोजनचे कंटेनर असतात, त्यात नमुने उणे 80 पेक्षाही चांगले राहतील. फक्त नळी बाहेर काढताना चष्मा घाला. आत नायट्रोजन शिरलं असेल तर ती फुटते. पाठवताना ड्राय आइस भरपूर घाला आणि शुक्रवारी कुरिअर करू नका.

काही लिव्हर आधीच उणे 20 ला गेली असतील तर त्यांच्यातल्या एटीपी, लॅक्टेट किंवा ग्लुटाथायोनवरून (पेशीतला एक अँटिऑक्सिडंट) कुठलाही निष्कर्ष काढू नका, आणि ती नव्या नमुन्यांत मिसळू नका.