तोंडावर विचारायचं कसं?

प्रश्न : मी नर्स आहे. दाखल होणाऱ्या प्रत्येक पेशंटला आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारायची सूचना आलीये. नसलेलं खूळ आपणच डोक्यात घालत नाही ना?

नाही. ही धास्ती खूप जणांना असते, पण विचारल्यामुळे धोका वाढतो असं संशोधनात दिसलेलं नाही. कितीतरी पेशंटना उलट हायसं वाटतं. खरा घोळ होतो तो विचारण्याच्या पद्धतीत. ‘तसलं काही मनात नाही ना?’ म्हटलंत, की ‘नाही’ हे उत्तर तुम्हीच त्यांच्या तोंडी दिलंत. नातेवाइकांना जरा बाहेर थांबवा, पडदा ओढा, बसा आणि सरळ विचारा : ‘गेल्या काही आठवड्यांत मरून जावं असं वाटलं का?’ अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या ‘एएसक्यू’ प्रश्नावलीची सुरुवात अशीच आहे. प्रश्न चारच. एकालाही ‘हो’ आलं तर पाचवा : आत्ता तसे विचार आहेत का? त्यालाही ‘हो’ आलं, तर पेशंटला क्षणभरही एकटं सोडू नका. मानसोपचारतज्ज्ञांना लगेच बोलवा.

आणि तुमच्याकडे बघून हो म्हणायला माणसाला किती बळ लागतं, हे लक्षात असू द्या. फॉर्मवर खूण करताना मान वर करा.

प्रश्न : ‘जिवाचं बरंवाईट करणार नाही’ असं आम्ही पेशंटकडून लिहून घेतो. चालेल?

बंद करा. अशा कागदाने जीव वाचतो याला पुरावा नाही. सही झाली की आपण मात्र गाफील होतो.

प्रश्न : भावाला ‘धोका कमी’ असं लिहून मानसोपचार वॉर्डातून घरी सोडलंय. आता काळजी मिटली का?

त्या शिक्क्यावर विसंबू नका. ‘धोका कमी’, ‘धोका जास्त’ असे गट पाडून पुढचं भाकीत करू नये, असं उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. डिस्चार्जनंतरचे पहिले काही दिवस, पहिले तीन महिने सर्वांत नाजूक असतात. २०१८च्या एका अमेरिकी अभ्यासात, इमर्जन्सीतून घरी जाताना लेखी सुरक्षा आराखडा आणि नंतर फोनवर विचारपूस मिळालेल्यांमध्ये सहा महिन्यांतलं आत्मघाती वर्तन, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतं.

म्हणून डॉक्टरांकडून पुढच्या भेटीची तारीख आजच घ्या, शक्यतो याच आठवड्यातली. मन खचायला लागल्याची चाहूल कशी लागते, तेव्हा कशाने बरं वाटतं, फोन कुणाला करायचा, हे भावाबरोबर बसून त्याच्याच शब्दांत लिहा; सुरक्षा आराखडा म्हणजे हेच. घरातली औषधं आणि इतर घातक वस्तू तुमच्या ताब्यात ठेवा. जिवाला धोका वाटला तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका, त्याला घेऊन थेट इमर्जन्सीत या.