भोक पाडलं तेव्हा नीट होतं, मग पाइप अडकला कसा?

प्रश्न: माझा भाचा मुंबई हायच्या एका रिगवर मड इंजिनियर म्हणून (म्हणजे खोदताना विहिरीत भरतात तो चिखलासारखा द्रव, मड, सांभाळणारा) लागलाय. तो सांगतो की विहीर खोदली तेव्हा काहीच त्रास नव्हता, काही दिवसांनी मात्र भिंत ढासळून पाइप अडकला. दगड इतक्या लवकर बदलतो का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: बदलतो, कारण तिथला दगड म्हणजे आपला सह्याद्रीचा कातळ नव्हे. तेलाच्या चुनखडीपर्यंत पोचायच्या आधी शेलचे थर लागतात आणि शेल म्हणजे दबून घट्ट झालेला जुना चिखलच, त्यात स्मेक्टाइट ही फुगणारी माती असली तर पाणी लागलं की ती मुलतानी मातीसारखी फुगते. पण फुगणं ही अर्धीच गोष्ट. विहिरीत भरलेलं मड स्वतःच्या वजनाने भिंतीला दाबून धरतं, पण त्यातलं पाणी हळूहळू शेलच्या बारीक छिद्रांत शिरतं, आतला दाब वाढत जातो आणि भिंतीला मिळणारा आधार कमी होतो, शेलमधून पाणी फार सावकाश जातं म्हणून या सगळ्याला दिवस लागतात.

मग पाण्याचं मड वापरायचंच कशाला? तेलाचं मड शेलला सोसतं, पण महाग पडतं आणि त्यातला कचरा समुद्रात टाकायला कडक बंधनं आहेत. म्हणून पाण्याच्या मडमध्ये पोटॅशियम क्लोराइड घालतात, पोटॅशियमचा आयन स्मेक्टाइटच्या पापुद्र्यांमध्ये नेमका बसतो आणि फुगणं आवरतं. फक्त शेल हे पोटॅशियम खात राहतं, त्यामुळे ते रोज मोजावं लागतं. मडमध्ये किती माती मिसळत चाललीये ते मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाने कळतं, मडच्या नमुन्यात तो थोडा थोडा घालत फिल्टर पेपरवर थेंब टाकायचा, डागाभोवती निळसर कडं आलं की थांबायचं, जितका जास्त रंग लागला तितकी माती जास्त.

पण खरी बातमी शेकरवर, म्हणजे वर आलेल्या मडमधून दगडाचे तुकडे गाळणाऱ्या हलत्या चाळणीवर असते. बिटने, म्हणजे खोदणाऱ्या पात्याने कापलेले तुकडे बारीक असतात, भिंतीतून पडलेले मोठे. लांबट, सुरीसारखे निघाले तर दगडाच्या आतला दाब मडपेक्षा जास्त असण्याची शक्यता, कोनदार असले तर भिंत भोवतालच्या दगडाच्या भाराने तुटतेय, अशा वेळी मडचं वजन वाढवून बहुतेकदा भागतं. चपटे, पाटीसारखे तुकडे आले तर मात्र दगडात आधीच भेगा आहेत, तिथे सवयीने वजन वाढवलं (रिगवर पहिला सल्ला हाच मिळतो) तर मड त्या भेगांत घुसून भिंत अजून सैल होते. तेव्हा वजन वाढवण्याऐवजी मड भेगांत शिरू नये म्हणून त्या बुजवणारा माल घालतात आणि पाइपची आदळआपट कमी करतात.