पांढरा म्हणजे नेमका कुठला पांढरा?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मी एक जुनी एंटरप्राइज, म्हणजे दोघांनी चालवायची छोटी शिडाची बोट घेतली. फायबरची आहे, तीसेक वर्षं जुनी. खडकवासल्याला चालवतो. गेल्या महिन्यात ट्रेलर मागे घेताना तिचा मागचा कोपरा भिंतीवर आपटला. दोन रुपयांच्या नाण्याएवढा टवका उडाला, आतले फायबरचे धागे दिसतात. बाजारातून पांढरा जेलकोट, म्हणजे फायबरवर असतो तो रंगीत चकचकीत थर, आणून लावला, तर तो कवळीच्या दातासारखा उठून दिसतोय आणि चार दिवस झाले तरी बोटाला चिकटतोय. मूळ रंगाचा कोड कुठे मिळेल?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कोडचा नाद सोडा. कोड मिळाला तरी तो बोट साच्यातून निघाली त्या दिवसाचा. सुकाणूच्या बिजागरीचे स्क्रू काढून पट्टी जरा बाजूला करा. खाली जो रंग दिसेल तो कोडचा रंग, आणि त्याच्या शेजारी तीस वर्षं उन्हात काढलेला रंग. तुम्हाला जुळवायचाय तो हा दुसरा.

आधी चिकटपणाचं बघू. साध्या जेलकोटचा वरचा थर हवा लागली की पुरता वाळत नाही. साच्यात तो थर आतल्या बाजूला असतो आणि त्यावर फायबर चढतं, म्हणून तिथे चालतं. दुरुस्तीत मात्र वरून हवा बंद करावी लागते. तुम्ही लावलेला सगळा खरवडून काढा, अॅसिटोनने पुसा, नव्याने सुरू करा.

रंगाआधी बोटीचाच तळहाताएवढा भाग रबिंग कंपाउंडने घासून घ्या. जुन्या जेलकोटवर खडूसारखी पावडर आलेली असते. तिच्याशी रंग जुळवलात तर पॉलिश केल्यावर सगळं गणित चुकतं.

आता माझी फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात एका बोटीला रंग लावायचा होता. रात्री शेडमध्ये ट्यूबलाइटखाली तासभर बसून असा जुळवला की माझाच मला अभिमान वाटला. मग त्यात हार्डनरच्या कामाला वेग देणारं कोबाल्टचं द्रावण घातलं, जेलकोट वाळवून कडक करणारा हार्डनर घातला, लावून घरी गेलो. सकाळी उन्हात पाहिलं तर पांढऱ्या सदऱ्यावर चहा सांडावा तसा डाग! दोन चुका होत्या. एक ट्यूबलाइट. दुसरी कोबाल्ट. ते मुळात जांभळं असतं आणि हार्डनर पडला की हिरवट-तपकिरीकडे झुकतं. गडद रंगात कळत नाही, पांढऱ्यात लगेच कळतं. तेव्हापासून मी कोबाल्ट आधी घालतो, मग रंग जुळवतो, आणि वाळलेला ठिपका पाहिल्याशिवाय निकाल देत नाही. दुकानदाराला विचारून घ्या, काही डब्यांत कोबाल्ट आधीच घातलेलं असतं.

इथे एक गोष्ट ओरडून सांगतो : कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. एक जेलकोटमध्ये पूर्ण ढवळून झालं की मगच दुसरं. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, तेव्हा चष्मा हवाच.

रंगासाठी स्टीलच्या वाटीत पन्नास ग्रॅम पांढरा जेलकोट घ्या. थर्माकोलचा कप नको, जेलकोट तो खाऊन टाकतो. पिगमेंट पेस्ट लागते पिवळी, तपकिरी आणि काळी. टूथपिकच्या टोकावर बसेल तेवढीच, एका वेळी एक. जुना पांढरा सहसा पिवळा अधिक तपकिरी असा असतो. काळ्याचा तर टोकाला नुसता वास लागला तरी पुरे. प्रत्येक टप्प्याला चमचाभर बाजूला काढून, हार्डनर घालून बोटीवर ठिपका द्या. वाळला की घासा, पाण्याने ओला करा आणि दिवसा मोकळ्या सावलीत दोन मीटरवरून डोळे किलकिले करून पाहा. सात-आठ ठिपके होतील, कंटाळू नका. शेवटी एक केसभर फिकट ठेवा. तुमचा ठिगळही पुढे उन्हात पिवळा पडणारच आहे.

धागे दिसतायत म्हणजे खड्डा जेलकोटपेक्षा खोल आहे. जेलकोट असतोच मुळी अर्धा मिलिमीटरच्या आसपास. तळाला पॉलिस्टर रेझिन आणि मॅटचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटईचे, बारीक तुकडे भरा, वर जेलकोट. तो ओघळू नये म्हणून एरोसिल (सिलिकाची अगदी हलकी पावडर) घालून श्रीखंडाइतका घट्ट करा. हार्डनर दोन टक्के : वीस ग्रॅमला साधारण ०.४ मिली, आणि हे मोजायला इन्सुलिनची सिरिंज झकास. मग ती फेकून द्या. थोडा उंच भरा, कारण तो आकसतो. वर ओएचपीची पारदर्शक शीट ठेवून पट्टीने दाबा आणि कडा टेपने बंद करा. हवा गेली, चिकटपणा गेला.

दुसऱ्या दिवशी घासा. भोवती मास्किंग टेपचे दोन थर ठेवा, नाहीतर ठिगळ सपाट होईपर्यंत शेजारचा चांगला जेलकोट झिजतो. लाकडी ठोकळ्यावर वॉटर पेपर गुंडाळून ३२०, ६००, १०००, १५००. नुसत्या बोटांनी घासलंत तर खळगा पडेल. ६००ला टेप काढा. शेवटी कंपाउंड.

प्रश्न : खड्डा एम-सीलने भरून वर जेलकोट दिला तर चालेल का?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : नको. एम-सील इपॉक्सी आहे, जेलकोट पॉलिस्टर. इपॉक्सीवर पॉलिस्टर भरवशाने धरत नाही. आज छान दिसेल, मग खपली निघेल. उलटं, म्हणजे पॉलिस्टरवर इपॉक्सी, चालतं.

प्रश्न : डोलकाठीची बाजूची तार जिथे बोटीला बांधतात, त्या पट्टीभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा आल्यात. वरून जेलकोट फिरवला, महिन्यात परत दिसल्या.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : परत येणारच. जेलकोट वाकत नाही, खालचं फायबर वाकतंय. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने भोवती ठोकत जा. टणटण वाजतंय तिथे ठीक. जिथे आवाज भद्द होईल तिथे पेन्सिलने खूण करा. पट्टीमागे आतून लाकडाचा तुकडा असेल तर बोल्ट काढून त्या भोकात बारीक खिळा खुपसा. ओला भुसा बाहेर आला तर लाकूड कुजलंय. ते बदला, आतून मॅटचे दोन-तीन थर वाढवा, बोल्टखाली सीलंट घाला. मग प्रत्येक भेग छोट्या ग्राइंडरने व्ही आकारात उघडा आणि भरा. न उघडता भेगेत जेलकोट उतरत नाही, नुसता वर बसतो. हे सगळं होईपर्यंत वाऱ्यात ती बोट काढू नका, तार सुटली की डोलकाठी अंगावर येते.