वाचकांचे प्रश्न : एवढीशी बेटं, एवढा दर्या

हिंदी महासागरातल्या बेटांवरच्या मागच्या अंकातल्या लेखावर बरीच पत्रं आली. त्यातले पाच प्रश्न निवडले आहेत. दोन प्रश्नांची उत्तरं लांबली, कारण विषयच तसे आहेत.

सेशेल्सची वस्ती आपल्या बडोद्याच्या एखाद्या वॉर्डाएवढी, लाखभर. मग समुद्राच्या बैठकांत त्यांना एवढा मान कशाचा? (फतेगंज)

जमीन सोडा, पाणी मोजा. किनाऱ्यापासून 200 सागरी मैल, म्हणजे सुमारे 370 किलोमीटरपर्यंतच्या मासळीवर आणि तळातल्या खनिजांवर त्या त्या देशाचा हक्क असतो. आसपास दुसरा देश नसेल तर एकुलत्या एका बेटाभोवतीही 370 किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ पडतं. क्षेत्रफळ काढून बघा, सव्वाचार लाख चौरस किलोमीटरच्या वर जातं. सेशेल्सची बेटं शंभराहून जास्त आणि विखुरलेली. अल्दाब्रा तर राजधानीच्या माहे बेटापासून हजार किलोमीटरपेक्षा लांब. म्हणून जमीन जेमतेम साडेचारशे चौरस किलोमीटर आणि समुद्र तेरा लाखांच्या पुढे. अट एवढीच, की बेटावर माणसाला राहता आलं पाहिजे किंवा त्याचं स्वतःचं अर्थकारण चाललं पाहिजे. नुसत्या खडकाला 12 मैलांचाच पट्टा मिळतो.

शिवाय हिंदी महासागरातल्या ट्यूना मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या ट्यूना आयोगात भारताचं मत एक आणि सेशेल्सचंही एकच. त्या आयोगाची कचेरीही त्यांच्याच राजधानीत, व्हिक्टोरियात.

या ट्यूना आयोगाचे नियम बंधनकारक असतात म्हणतात. मग 2023 चा गाजलेला निर्णय बारगळला कसा? (मांजलपूर, घरचा धंदा वेरावळच्या मासळीचा)

नियम कसा होतो ते बघितलं की कसा बारगळतो तेही कळतं. आधी शास्त्रज्ञांची समिती साठ्याचा अंदाज देते. मग एखादा सदस्य देश प्रस्ताव मांडतो. शक्यतो एकमत बघतात. नाहीच झालं तर मतदान, आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं. त्यानंतर सगळ्यांना कळवल्यापासून 120 दिवसांची मुदत. खरी गोम इथे आहे. या मुदतीत ज्याने लेखी आक्षेप घेतला त्याला नियम लागू होत नाही. आणि एक तृतीयांशाहून जास्त सदस्यांनी आक्षेप घेतले तर उरलेल्यांवरही बंधन राहत नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये मोंबासाच्या खास बैठकीत वाहत्या तराफ्यांवर निर्बंध मंजूर झाले. हा तराफा म्हणजे बांबूचा किंवा प्लॅस्टिकचा सांगाडा, खाली लोंबणाऱ्या दोऱ्या, वर उपग्रहाशी जोडलेला बोया आणि त्यात खालची मासळी मोजणारा इको साउंडर. उघड्या समुद्रात सावली मिळाली की मासे तिच्याखाली जमतात. मोठ्या जहाजाने गोल जाळं टाकून सगळे एकदम उचलायचे. हवा असतो स्किपजॅक जातीचा ट्यूना, पण त्याच्याबरोबर यलोफिन आणि बिगआय जातींची वाढ न झालेली पिल्लंही येतात. 2019 च्या नियमाप्रमाणे एका जहाजाला एका वेळी 300 बोयांची मुभा होती. ती कमी करायची आणि वर्षातला काही काळ तराफे पूर्ण बंद ठेवायचे, असं ठरलं. युरोपियन संघासह अनेकांनी मुदतीत आक्षेप नोंदवले आणि निर्णय तिथेच संपला.

सेशेल्सची अडचण दुहेरी आहे. गोल जाळ्यांची जहाजं माल उतरवतात व्हिक्टोरिया बंदरात, तिथल्या ट्यूना कारखान्याची चूल त्यावर पेटते. आणि हरवलेले तराफे येऊन अडकतात त्यांच्याच प्रवाळांवर. अशा देशाकडून कडक नियमाची अपेक्षा करताना हे ध्यानात ठेवावं.

तुमच्या धंद्यापुरतं सांगायचं तर युरोपात माल जातो तो कॅच सर्टिफिकेटवर, म्हणजे मासळी कायदेशीर पकडल्याच्या दाखल्यावर. भारतात त्याची पडताळणी एम्पेडा, म्हणजे सागरी उत्पादनांच्या निर्यातीची सरकारी संस्था, करते. नावेचा नोंदणी क्रमांक, पकडीच्या तारखा, जागा आणि वजन, यातलं एक जरी दुसऱ्याशी जुळलं नाही तर कंटेनर अडकतो. वजन अंदाजे लिहायची सवय सगळ्यात आधी सोडा.

आयोरा आणि इंडियन ओशन कमिशन एकच का? (कारेलीबाग)

नाही. दोन्हींच्या कचेऱ्या मॉरिशसमधल्या एबेनमध्ये आहेत, त्यामुळे घोटाळा होतो. आयोरा म्हणजे इंडियन ओशन रिम असोसिएशन, हिंदी महासागराच्या काठच्या देशांची संघटना. ती 1997 ची, 23 देशांची. भारत पहिल्यापासून सदस्य. तिथे निर्णय एकमताने होतात आणि दोन देशांमधली भांडणं चर्चेला घेत नाहीत, त्यामुळे काम संथ. कमिशन 1982 चं, पाचांचं: मॉरिशस, सेशेल्स, मादागास्कर, कोमोरोस आणि रियुनियन बेटामुळे फ्रान्स. भारत तिथे 2020 पासून निरीक्षक. आमच्या मते प्रत्यक्ष काम दिसतं ते या छोट्या कमिशनचं: जहाजांच्या हालचालींची माहिती मादागास्करच्या केंद्रात गोळा होते आणि कारवाईचा समन्वय सेशेल्समधून होतो.

मॉरिशस आणि सेशेल्सने समुद्राचा तळ भागीदारीत घेतला, तो कसा? (दांडिया बाजार)

सामाईक सात-बारासारखा. 200 मैलांच्या पुढेही तळाचा उंचवटा आपल्या भूभागाचाच विस्तार आहे असं सिद्ध केलं, तर संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडे त्यावर हक्क मागता येतो. पाण्याखालच्या मास्करीन पठारावर दोघांचे दावे एकमेकांवर चढत होते. हद्दीसाठी भांडत बसण्याऐवजी त्यांनी डिसेंबर 2008 मध्ये एकच अर्ज केला. 2011 मध्ये आयोगाने मान्यता दिली आणि मार्च 2012 मध्ये दोघांनी करार करून सुमारे 3,96,000 चौरस किलोमीटर तळ संयुक्त कारभाराखाली घेतला.

मेख अशी, की हक्क फक्त तळाचा आणि त्याखालचा. वरचं पाणी खुल्या समुद्राचं, तिथे कुणाचंही जहाज मासे धरू शकतं. याच पठारावरच्या साया दे माल्याच्या उथळ भागात सागरी गवताची मोठी कुरणं आहेत. ती तळाला चिकटलेली म्हणून यांची, त्यांच्यावर फिरणारे मासे मात्र यांचे नाहीत. खुल्या समुद्रातल्या जैवविविधतेचा नवा करार 17 जानेवारी 2026 पासून अमलात आला आहे. त्यातून अशा पाण्यात राखीव क्षेत्र मागता येईल.

रिफायनरीत नोकरी केलेल्या माणसाला पडलेला प्रश्न: 2020 मध्ये मॉरिशसला हजार टन तेल आवरलं नाही, असं कसं? (गोरवा)

वाकाशिओ जहाज 25 जुलैला प्रवाळावर चढलं आणि गळती सुरू झाली 6 ऑगस्टला. तेल बाहेर काढायला मिळाले असते ते हेच दिवस. पण लाटा उसळत होत्या आणि टाकी उपसायचे पंप, लहान टँकर, मोठे टग बेटावर पुरेसे नव्हते. जहाजात सुमारे 4000 टन इंधन होतं. बरंचसं नंतर उपसलं, 15 तारखेला जहाज दुभंगलं. भारताची 30 टनांहून जास्त सामग्री आणि तटरक्षक दलाची तुकडी 16 तारखेला पोचली.

बूमचं, म्हणजे तेल अडवायला पाण्यावर तरंगत ठेवायच्या पट्ट्याचं, गणित तुम्हाला ठाऊक असेल. प्रवाह काटकोनात आणि पाऊण नॉटच्या आसपास गेला की तेल बूमखालून निसटतं. म्हणून बूम तिरपा लावून तेल एका कोपऱ्यात आणायचं आणि तिथे स्किमर, म्हणजे वरचं तेल खेचून घेणारं यंत्र, ठेवायचा. उथळ खाजणात, प्रवाळावर तेल बारीक थेंबांत विखुरणारी रसायनं मारायची नसतात. लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून बूम शिवले. उपाय हुशारीचा होता, पण तेलाने माखलेलं पाचट हा पुढे वेगळा साठवायचा घातक कचरा होतो, आणि तो ओल्या वाळूसकट उचलला की कितीतरी पटींनी वाढतो.

भरपाईतही पंचाईत झाली. आंतरराष्ट्रीय तेल-भरपाई निधी टँकरच्या गळतीसाठी आहे. हे होतं मालवाहू जहाज, सांडलेलं तेल त्याच्या इंजिनाचं. त्याला बंकर करार, म्हणजे जहाजाच्या स्वतःच्या इंधनाच्या गळतीचा करार, लागू होतो आणि जबाबदारीची रक्कम जहाजाच्या टनेजवर ठरते. मॉरिशस या जबाबदारीच्या 1976 च्या करारातल्या जुन्या मर्यादेत होता, जहाजमालकाचा देश जपान 1996 च्या वाढीव मर्यादेत. त्यामुळे दावा कुठल्या देशात लावायचा, यावरच मोठा फरक पडत होता.