अडगुलं घडवणारा सोनार मिळणार नाही

प्रश्न असा आलाय: ‘अडगुलं मडगुलं सोन्याचं कडगुलं, रुप्याचा वाळा, तान्ह्या बाळा, तीट लावा’ यातलं कडगुलं म्हणजे कडं हे समजलं, पण अडगुलं आणि मडगुलं हे कोणते दागिने, आणि ते कुठल्या शब्दांचे अपभ्रंश?

दागिने नव्हेत आणि अपभ्रंश तर नव्हेतच. अर्थ लागला नाही की शब्दावर ‘अपभ्रंश’ असा शिक्का मारून मोकळं व्हायचं, ही खोड हल्ली फार बोकाळली आहे. प्रत्येक वेड्या शब्दाच्या मागे एक शहाणा शब्द लपलेला असलाच पाहिजे का? भाषेचे अभ्यासक विश्वनाथ खैऱ्यांनी मराठी शब्दांची मुळं तमिळमध्ये शोधली. त्यांच्या व्यासंगाला नमस्कार, पण या गाण्यासाठी इतकं लांब जायचं कारण नाही. उत्तर त्याच ओळीत बसलंय. कडगुलंमधला क काढा, अडगुलं. रिकाम्या जागी म बसवा, मडगुलं. संपलं.

योगायोग वाटतोय? मग ‘अटक मटक चवळी चटक’ म्हणून पाहा. ‘अरिंग मिरिंग लवंगा चिरिंग’ म्हणा. भोंडल्यातलं ‘अतुल्या मतुल्या चरणी चातुल्या’ आठवा. सगळीकडे चाल एकच: आधी नुसता स्वर, मग म, आणि मग ठसठशीत च किंवा क. (शेजारी चवळी आहे म्हणून मटक म्हणजे मटकी, असं ठासून सांगणारे विद्वान भेटतात. मग अटक कुणाला झाली तेही त्यांनी सांगावं.)

रोजच्या बोलण्यात आपण नेमकं उलट करतो. चहाबिहा, घोडाबिडा. अर्थ पुढे, नक्कल मागे, आणि नक्कल ‘बि’ची. गुजराती माणूस घोडो-बोडो म्हणतो, बंगाली घोडा-टोडा, कानडी कुदुरे-गिदुरे, तेलुगू गुर्रम्-गिर्रम्. म्हणजे आपल्या ‘बि’मधला ब गुजरातीशी जुळतो आणि वेलांटी कानडी-तेलुगूशी! द्राविडी धागाच हवा असेल तर तो या बिडामध्ये शोधा, बाळाच्या कड्यात कशाला?

आता गाण्यात ‘बि’ सोडून म का आला? भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी १९४१ मध्ये मांडलं होतं की मूल आधी तोंड उघडून अ म्हणतं, ओठ मिटून प-म म्हणतं आणि क वगैरे त्याला मागाहून जमतात. अ, म, क. अडगुलं, मडगुलं, कडगुलं! बाळाची जीभ ज्या पायऱ्या चढते, त्याच पायऱ्यांनी ओळ चढते. हे माझं मत आहे आणि ते मी सोडणार नाही. ‘मग आपडी थापडीत म कुठाय?’ असं विचारून मला गप्प करता येईल असं काहींना वाटतं. अहो, तिथे खरोखर थापड्या मारायच्या असतात. हाताला काम असलं की तोंडाचे नियम थोडे सैल होणारच.

खरी मौज मात्र ‘करंगळी मरंगळी, मधलं बोट, चाफेकळी’मध्ये आहे. इथे बोटं ओळीनं मोजायची असल्यामुळे अर्थाचा शब्द आधी आणि म मागून. चाफेकळी म्हणजे तर्जनी. मग मरंगळी कोण? अनामिका! संस्कृतात या बोटाला नावच नाही म्हणून ती अनामिका. रशियन आणि चिनी भाषांतही ते बिननावाचंच बोट. आपल्या आज्यांनी मात्र शेजारच्या करंगळीचं नाव उसनं घेतलं, क चा म केला आणि त्या बिचारीचं बारसं उरकून टाकलं. लगेच पुढे ‘तळहात मळहात’ येतं. युक्ती तीच, फक्त मळहाताच्या वाट्याला अवयवच आलेला नाही.