‘निरुत्तर वैमानिक’ की ‘हाकेला ओ नाही’?

कोल्हापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे: खासगी जेट आकाशात उडतंय, पण आतले वैमानिक कुणालाच उत्तर देत नाहीत. अशा बातमीत ‘निरुत्तर वैमानिक’ लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. निरुत्तर होतो तो वादात, समोरच्याचा मुद्दा बिनतोड निघाला की. ‘संपर्क तुटला’ही पुरत नाही, नुसता रेडिओ बिघडला तरी संपर्क तुटतो आणि आत माणसं ठणठणीत असतात. ‘बेशुद्ध’ म्हटलं तर ते कारण सांगणं झालं. त्या घडीला कारण कुणाला ठाऊक असतं?

माझ्या मते इथं ‘ओ’ हवी. शिरोळकडं आमचा ऊस आहे. वाढलेल्या उसात चार पावलांवरचा माणूस दिसत नाही. पाणी पाजायला गेलेल्या काकांना बांधावरून हाक मारायची, आतून “ओऽऽ, हाय की हितं!” आलं की जीव भांड्यात. एकदा तीन हाका मारल्या तरी ओ आली नाही. आजीनं पदर खोचला आणि सरळ उसात शिरली. इंजिनाच्या आवाजात काकांना काही ऐकूच गेलं नव्हतं. पण ओ आली नाही की जवळ जाऊन बघायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

२५ ऑक्टोबर १९९९ ला अमेरिकेत हेच झालं. ऑरलँडोहून डॅलसला निघालेल्या लिअरजेटमधून ओ येईना, म्हणून लढाऊ विमानं जवळ गेली. काचांवर आतून बर्फाचा थर. केबिनमधला हवेचा दाब गेला होता, वैमानिकांना प्राणवायू मिळाला नव्हता. ऑटोपायलटवर ते विमान जवळपास चार तास उडत राहिलं आणि साउथ डकोटात कोसळलं. आतले सहाही जण गेले.

‘प्रतिसाद’ चुकीचा नाही. ‘साद’ म्हणजे हाकच. पण आता योजनेलाही प्रतिसाद मिळतो आणि नाटकालाही, त्यामुळे त्यातली हाक विरून गेली आहे.

आणखी एक, आणि माझ्या लेखी हेच मोठं. ‘वैमानिक प्रतिसाद देत नाहीत’ म्हटलं की देणं त्यांच्या हातात असल्यासारखं वाटतं, दोष त्यांच्याकडे जातो. ‘ओ येत नाही’ कुणावर ठपका ठेवत नाही.

तेव्हा ताई, ओळ अशी करा: ‘नियंत्रण कक्ष हाका मारत होता, विमानातून ओ येत नव्हती.’