फणसाखालची जीप

बाय,

आशीर्वाद. आजोबांची जुनी जीप स्वतः नव्याने उभी करू की जीपा बांधून देणाऱ्या बिल्डरकडे देऊ, असं विचारलंस. (बिल्डर म्हटलं की आपल्या गोव्यात आधी डोंगर कापणारेच आठवतात, ते सोड.)

फोटोत बॉनेट उंच दिसतंय, म्हणजे ती सीजे-३बी मॉडेलची. तिच्या एफ-हेड इंजिनात आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट खाली ब्लॉकात. इंजिन उंच झालं म्हणून बॉनेटही वर चढलं. तरी उघडून बघच. मायलेजपायी पुष्कळांनी पेट्रोल काढून डिझेल बसवलंय. ब्लॉकवरचा नंबर आरसी बुकाशी जुळत नसेल, तर पाना हातात घेण्याआधी आरटीओ गाठ. आजोबांच्या नावावरून गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, तोही तेव्हाच भर. व्हिंटेज नोंदणीच्या मोहात पडू नकोस. पन्नाशी उलटलेल्या गाडीला ती मिळते खरी, पण मग रोज रस्त्यावर काढता येत नाही, आणि तुला तर आजीला शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात न्यायचंय.

आता गंज. कुणाला काय द्यायचं ते तोच ठरवेल. हातोडी आणि जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली झोप. चॅसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, टिचक्या मारत पुढून मागे जा. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं भद्द वाजतं. स्प्रिंगांचे शॅकल (टोकाच्या कड्या) जिथे अडकतात तिथे आणि फ्लोअरखालच्या आडव्या पट्ट्यांत स्क्रूड्रायव्हर दाबून बघ. त्या पट्ट्यांत पावसाचं पाणी नि माती साचून राहते. वरून पत्रा धड दिसतो आणि खालून पापडासारखा मोडतो.

चॅसिस भद्द वाजली तर वेल्डिंग स्वतः करायचं नाही. बार्जच्या यार्डात जाड प्लेट जोडलेला एक मेस्त (कारागीर) माझ्या ओळखीचा आहे, त्याच्याकडे नेऊ. क्रँकचं काम आणि हेडचं फेसिंग, म्हणजे तो घासून सपाट करणं, मशीन शॉपमध्ये. ब्रेक तू खुशाल जोड, पण चालवण्याआधी जाणत्याला दाखव. चारही चाकांना एकच लाइन आहे, एक पाइप फुटला की पेडल थेट फ्लोअरला.

खोलणं, खरवडणं, वायरिंग मात्र तुझंच. हरियाणातल्या मंडी डबवालीहून तयार बॉडी मागवून चार महिन्यांत चकचकीत गाडी देणारे भेटतील. त्यात आजोबांचं काय उरणार, नंबर प्लेट? आणि स्वतः खोललं नसेल तर बिलात लिहिलेलं काम झालं की नाही, हे तुला कळणार कसं?

माझी फजिती सांगतो. मी बॉडी मे महिन्यात उतरवली, वर ताडपत्री घट्ट बांधली आणि सुरक्षित समजून बसलो. आत वाफ कोंडली. घासून लख्ख केलेली चॅसिस चवथीला ताडपत्री काढली तेव्हा विटकरी झाली होती. बोल्ट सगळे एकाच बादलीत. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) जोडताना तीन उरले. ते कुठले, हे आजतागायत समजलेलं नाही.

म्हणून पावसात फक्त नटांवर डिझेल सोडत राहा आणि कागदपत्रं उरक. चवथीची माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट) उतरली की मी येतो. बिस्किटांचे रिकामे डबे जमव, पंधरा-वीस तरी, आणि एक जाड मार्कर.

तुझा काका